एक सूर्योदय जास्तीचा

तिकिटावर निघायची तारीख शुक्रवारची होती आणि पोहोचायचीही शुक्रवारचीच. निघणं मध्यरात्र उलटल्यावर, पोहोचणं सकाळी. घड्याळाच्या हिशेबाने मधे जेमतेम साडेसहा तास. सिंगापूर ते न्यूयॉर्क. तिकिटाचा फोटो ताईला पाठवला, तर तिचं उत्तर आलं, ‘‘एवढंच होय? मग दर शनिवार-रविवार येत जा की.’’

ताई पेशाने अकाउंटंट आहे. दोन आकड्यांमधला फरक तिला आधी दिसतो, बाकीचं जग नंतर. साडेसहा तासांच्या पोटात आणखी बारा तास दडलेले आहेत हे तिला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. गेली कित्येक वर्षं आमचं सगळं बोलणं त्या बारा तासांच्या दोन काठांवरूनच चालतं. तिची सकाळ ती माझी रात्र. यात एक गंमत मात्र आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळं तासभर पुढे सरकवलेली असतात, तेव्हा दोन शहरांत बरोब्बर बारा तासांचं अंतर पडतं, आणि भिंतीवरच्या काट्यांच्या घड्याळात दोन्हीकडे एकच वेळ दिसते. माझ्याकडे सात वाजलेत म्हणजे तिच्याकडेही सातच वाजलेत, फक्त सूर्य कुणाच्या वाट्याला आहे एवढाच प्रश्न. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे घेतली जातात आणि फरक तेरा तासांचा होतो. दर वर्षी त्या रविवारी मला उगाचच वाटतं, ताई अजून तासभर लांब गेली.

हा काट्यांचा मेळही तसा योगायोगच. सिंगापूर ज्या रेखांशावर आहे त्याला सूर्याप्रमाणे सातच तास शोभतात, ग्रीनिचपेक्षा सात तास पुढे. पण शेजारी मलेशियाने घड्याळ बदललं म्हणून १९८१ संपताना सिंगापूरनेही अर्धा तास पुढे उडी मारली आणि साडेसातचे आठ तास केले. त्यामुळे इथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. सकाळी सहाला उठणाऱ्याला वर्षभर अंधारातच चहा.

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साइट असतात. मला त्यांचं व्यसन आहे. कामात मन लागेनासं झालं की मी कुठलीही दोन नावं टाकते. ऑकलंड आणि लिस्बन. नैरोबी आणि लिमा. एका क्षणात किलोमीटर येतात, खाली तास येतात, आणि नकाशावर एक वाकडी रेघ उमटते. त्यातले किलोमीटर खरे असतात. तासांबद्दल मात्र मला आता शंका येते, कारण ते तास कुणी उडून मोजलेले नसतात. बहुतेक ठिकाणी अंतराला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी नऊशेच्या आसपासच्या एखाद्या आकड्याने, भागतात आणि वर अर्धा तास चढण्या-उतरण्याचा टाकतात. आमच्या दोन शहरांमधलं अंतर १५,३०० किलोमीटरच्या थोडं वर आहे. भागाकार सतरा तास, वरचा अर्धा, म्हणजे साडेसतरा. विमान कंपनीच्या वेळापत्रकात मात्र साडेअठरा तासांच्याही वरचा आकडा होता.

ही तासाभराची तफावत ताईला सांगितली, तर ती म्हणाली, ‘‘तफावत असली की मधे काहीतरी लपलेलं असतं. शोध.’’

लहानपणी आमच्या घरी एक पत्र्याचा पृथ्वीगोल होता. बाबांनी कुठूनतरी आणलेला, आणि पॅसिफिक महासागरात त्याला एक पोचा आलेला. त्या गोलावर दोरा ताणून शहरांमधली अंतरं मोजणं हा आमचा सुट्टीतला उद्योग. ताई दोरा धरायची, मी बोटाने शहर. दोरा घट्ट ताणला की तो भिंतीवरच्या नकाशातल्या रेघेसारखा जायचा नाही, भलतीकडेच सरकायचा. नकाशात लंडनहून लॉस एंजेलिसला सरळ पश्चिमेला जावं असं वाटतं. दोरा मात्र ग्रीनलंडवरून जायचा. आम्हाला वाटायचं दोरा सैल पडलाय. बाबांनी सांगितलं, दोरा शहाणा आहे, नकाशा खोटं बोलतोय. गोल पृथ्वी सपाट कागदावर अंथरायची तर कुठेतरी ओढाताण होणारच, आणि भिंतीवरच्या त्या नकाशात ती ओढाताण ध्रुवांच्या बाजूला ढकललेली असते. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील.

ताणलेल्या दोऱ्याच्या त्या वाटेला गणितात बृहद्‌वृत्त म्हणतात. चार्ल्स लिंडबर्ग १९२७ साली न्यूयॉर्क ते पॅरिस एकटा, न थांबता उडाला. त्याआधी सॅन दिएगोच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या पृथ्वीगोलावर त्याने दोऱ्यानेच अंतर मोजलं होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लगेच ताईला फोन लावला. तिकडे पहाटेचे तीन वाजले होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘त्याच्या गोलाला पोचा नसेल.’’

आमच्या दोन शहरांचा दोरा तर फारच सोपा आहे. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशाजवळ, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. बेरीज १७८. पूर्ण १८० असती तर दोन्ही शहरं एकाच वर्तुळाच्या दोन बाजूंना आली असती आणि दोरा नेमका उत्तर ध्रुवावरून गेला असता. दोनच अंश कमी पडतात, तेव्हा दोरा ध्रुवाच्या अगदी कडेने जातो. म्हणजे अंतर काढायला कुठली साइटही लागत नाही. सिंगापूर विषुववृत्ताच्या १.३ अंश उत्तरेला, तिथून ध्रुव ८८.७ अंशांवर. न्यूयॉर्क ४०.७ वर, तिथून ध्रुव ४९.३. मिळून १३८ अंश. एका अंशात साठ मिनिटं, आणि कोनाच्या एका मिनिटाला जमिनीवर एक सागरी मैल. सागरी मैलाची व्याख्याच मुळात तिथून आली. तेव्हा ८,२८० सागरी मैल, आणि मैल १,८५२ मीटरचा धरला तर १५,३३५ किलोमीटर. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून वीस हजार किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत, कारण त्यापुढे गेलं की तुम्ही दुसऱ्या बाजूने जवळ यायला लागता. त्या विसातले पंधरा आमचे.

पण विमान या दोऱ्यावरून गेलंच नाही. ते पॅसिफिकवरून गेलं, थेट आमच्या पोच्यावरून, सोळा हजार किलोमीटरच्याही वर फेरा घालून. का, याचं उत्तर ताईच्याच एका जुन्या प्रश्नात आहे.

ताई नऊ-दहा वर्षांची असेल. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे शाळेत नुकतंच शिकवलेलं. तिने वर्गात विचारलं, ‘‘मग विमान वर जाऊन एका जागी थांबलं, तर खालची पृथ्वी फिरून हवं ते शहर आपोआप खाली येईल ना?’’ वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान हवेत असतं. ताईला ते पटलं, पण आवडलं नाही. कारण हिशेब किती छान होता! विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटरने पळते, तेव्हा जगातलं कुठलंही शहर फार तर चोवीस तासांत खाली हजर. इंधनाचा थेंब नको.

बाईंचं उत्तर बरोबर होतं, पण पूर्ण नव्हतं. हवा पृथ्वीबरोबर फिरते हे खरं. पण सगळी हवा पृथ्वीच्याच वेगाने फिरत नाही. काही पट्ट्यांत, नऊ-दहा किलोमीटर उंचीवर, ती जमिनीच्याही पुढे पळते, पश्चिमेकडून पूर्वेकडे, कधीकधी ताशी तीनशे किलोमीटरहूनही जास्त. उष्ण कटिबंध तापलेला आणि ध्रुव गारठलेला, या दोघांच्या ओढाताणीतून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून हे वारे तयार होतात. हिवाळ्यात ही तफावत वाढते, तेव्हा वारेही चेकाळतात. जेट स्ट्रीम हे त्यांचं आजचं नाव. नाव मिळायच्या कितीतरी आधी वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्याचा अहवाल १९२६ साली प्रसिद्ध झाला. जगाला वाचता यावा म्हणून त्याने तो एस्पेरांतो भाषेत लिहिला, सगळ्या जगाची म्हणून मुद्दाम घडवलेली भाषा. परिणाम असा की जगात तो फारसा कुणी वाचलाच नाही. १९४४ साली अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर एवढ्या उंचीवरून गेली आणि वैमानिकांना आपण कशात सापडलोय तेच कळेना. ओइशीची मला फार दया येते. सगळ्यांना कळावं म्हणून केलेली गोष्टच कुणाला कळत नाही, हे दुःख वेगळंच.

आणि ताईचा प्रश्न? बर्ट्रांड पिकार आणि ब्रायन जोन्स यांनी मार्च १९९९ मध्ये फुग्यातून पहिल्यांदा न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. फुग्याला पुढे ढकलणारं इंजिन नसतं. ते वर गेले, योग्य वारा सापडेल त्या उंचीवर तरंगले, आणि वाऱ्याने त्यांना पूर्वेकडे नेलं. एकोणीस दिवसांहून थोडा जास्त काळ. म्हणजे वर जाऊन स्वस्थ राहिलं तर शहरं खाली येतात. फक्त ताईला वाटलं होतं त्याच्या उलट दिशेने. तिला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, ‘‘चिन्ह चुकलं म्हणजे अधिक-उणे. पद्धत बरोबर होती.’’

वाऱ्याचा हिशेब मात्र ताईच्या पेशाला साजेसा लबाड आहे. वरकरणी वाटतं, जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर, तेव्हा एकूण सारखंच. तसं होत नाही. न्यूयॉर्क–लंडन साधारण ५,५५० किलोमीटर धरा, विमानाचा वेग ताशी ९००. वारा नसेल तर जाऊन-येऊन बारा तास वीस मिनिटं. आता दीडशेचा वारा सुटला. जाताना वेग १,०५०, लागले पाच तास सतरा मिनिटं. येताना ७५०, लागले सात तास चोवीस मिनिटं. एकूण बारा तास एकेचाळीस मिनिटं. एकवीस मिनिटं गेली कुठे? वारा पाठीशी होता तो कमी वेळ, तोंडावर होता तो जास्त वेळ. तेव्हा तो देतो कमी आणि घेतो जास्त. सावकारच म्हणायचा.

फेब्रुवारी २०२० मध्ये मोठं वादळ आलं होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने ताशी १,३०० किलोमीटरच्या वर. त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण ती मर्यादा हवेच्या संदर्भात असते आणि इथे हवाच पळत होती. त्या रात्री उलट दिशेने निघालेल्यांचं काय झालं असेल, हे कुणी बातमीत लिहीत नाही.

या सावकाराला चुकवायची एकच युक्ती आहे. जाताना पूर्वेकडे जायचं आणि येतानाही पूर्वेकडेच यायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण दोन शहरं जर पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोर असतील, तर दोन्ही बाजूंनी अंतर फारसं वेगळं पडत नाही. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेऊन पाहिलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, १५,३०० च्या घरात गेली, आणि विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास आधी पोहोचलं. जास्त चाललं आणि लवकर पोहोचलं! दोऱ्याला हे कधीच कळलं नसतं. दोऱ्याला वारा लागत नाही.

माझ्या प्रवासातही तेच झालं. जाताना पॅसिफिक, येताना अटलांटिक, युरोप, पश्चिम आशिया आणि शेवटी बंगालचा उपसागर. दोन्ही वेळा नाक पूर्वेकडे. ताईला भेटून परत आले एवढंच माझ्या डोक्यात होतं. पृथ्वीला प्रदक्षिणा झाली हे विमानातल्या पडद्यावर रेघ पाहताना लक्षात आलं.

वाऱ्याशिवाय आणखी एक गोष्ट दोऱ्याला माहीत नसते, ती म्हणजे आकाशालाही कुंपणं असतात. हेलसिंकी ते टोकियो ही वाट रशियावरून साडेनऊ तासांची होती. २०२२ साली ते आकाश बंद झालं आणि तीच दोन शहरं तेरा तासांवर गेली. काही फेऱ्या तर उत्तर ध्रुवावरून जाऊ लागल्या. शीतयुद्धातही असंच होतं. युरोपातून टोकियोला जाणारी विमानं तेव्हा अलास्कातल्या अँकरेजला उतरून इंधन घ्यायची. शहरं जागची हलत नाहीत, पण अंतर हलतं.

आमचंही हललं होतं. ताई २०११ साली न्यूयॉर्कला गेली तेव्हा सिंगापूरहून शेजारच्या न्यूअर्कला थेट विमान होतं, २००४ पासून. चार इंजिनांचं एअरबस ए-३४०. इतक्या लांबच्या उड्डाणात इंधनाचा मोठा भाग पुढचं इंधन वाहून नेण्यातच जळतो; डोंगर चढताना पाण्याचं पिंप पाठीवर घेतलं तर निम्मी तहान त्या पिंपामुळेच लागावी, तसं. २०१३ मध्ये ती फेरी बंद झाली. मग पाच वर्षं मधे कुठेतरी उतरायचं, बॅगांवर नजर ठेवत बसायचं, पुन्हा चढायचं, आणि चोवीस तासांच्या आसपास धरायचं. त्या पाच वर्षांत मी दोनदाच गेले. कारण विचारलं असतं तर रजा नाही म्हणाले असते, आणि ते खोटंही नव्हतं; पण खरं सांगायचं तर मधल्या त्या थांब्याचा कंटाळा होता. माया बारा तासांवर अडत नाही आणि चार तासांच्या थांब्यावर अडते, याची आजही थोडी लाज वाटते. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांचं, खास लांब पल्ल्याचं ए-३५० आलं आणि ताई परत जवळ आली. नोव्हेंबर २०२० पासून ते न्यूयॉर्कच्याच विमानतळावर उतरतं. त्यात जागा अवघ्या १६१. बाकीचं वजन इंधनाचं. न थांबता जाणाऱ्या नियमित फेऱ्यांमध्ये जगातली सगळ्यात लांबची ती हीच.

तर त्या शुक्रवारी, सप्टेंबर संपत आलेला असताना, मी त्यात बसले. वेळापत्रकातली वेळ चाकांखालची अडण काढून विमान हललं की सुरू होते आणि पलीकडे पुन्हा अडण लागली की संपते. धावपट्टीकडे रांगत जाणं, रांगेत उभं राहणं, सगळं त्यात येतं. ताईच्या तफावतीतली काही मिनिटं तिथे सापडली, बाकीची पॅसिफिकच्या फेऱ्यात.

पाचेक तासांनी, जपान जवळ आलं असावं तेव्हा, खिडकीचा पडदा बोटभर वर केला. पंखाखाली काळसर निळं, वर एक बारीक नारिंगी चीर. सिंगापूरला अजून मिट्ट काळोख असणार. आम्ही सूर्याच्या अंगावर चालून जात होतो, तेव्हा तो लवकर भेटला. आणि लवकर भेटला तसाच लवकर डोक्यावरून मागे गेला. खालची पृथ्वी पूर्वेकडे फिरतेय, आम्ही तिच्यावर पूर्वेकडेच पळतोय, दोन वेग एकत्र. साडेअठरा तासांत आमच्या वाटेवरच्या सूर्याने तीस तासांचं काम उरकलं. दिवस सात तासांत संपला. जेवण झालं, एक झोप झाली, शेजारच्या आजोबांनी गुडघे चोळत तीन फेऱ्या मारल्या, तेवढ्यात संध्याकाळ.

मधे कधीतरी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. कुणी सांगितलं नाही, धक्का बसला नाही. पण तिच्या अलीकडे शुक्रवारची दुपार होती आणि पलीकडे गुरुवारची. म्हणजे मी पाहिला तो सूर्य शुक्रवारी उगवला आणि गुरुवारी मावळला. मग पुन्हा रात्र, पुन्हा मध्यरात्र, आणि शुक्रवार दुसऱ्यांदा सुरू. न्यूयॉर्कला उतरायच्या जरा आधी पडद्याच्या फटीतून पुन्हा तीच नारिंगी चीर. एका उड्डाणात दोन सूर्योदय.

एका उड्डाणात दोनदा सूर्य उगवणं ही पूर्वी मोठी अपूर्वाई होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि ऑस्ट्रेलिया–इंग्लंड ही हवाई वाट मधोमध तुटली. तेव्हा १९४३ ते १९४५ या काळात पर्थहून सिलोनपर्यंत, साडेपाच हजार किलोमीटरहून लांब हिंदी महासागरावरून, कॅटलिना जातीची पाण्यावर उतरणारी विमानं उडवली गेली. रेडिओ बंद, ताऱ्यांवरून वाट काढायची, प्रवासी फार तर तीन. उड्डाण सत्तावीस ते तेहतीस तासांचं, तेव्हा हवेत असतानाच सूर्य दोनदा उगवायचा. उतरल्यावर प्रवाशाला ‘दोन सूर्योदयांच्या गुप्त संघा’चा सभासद झाल्याचं प्रमाणपत्र मिळायचं. आज तेवढं अंतर सात तासांच्या आत कापलं जातं. ते तीस तास हवेत राहून दोन सूर्योदय मिळवायचे. मी साडेअठरा तासांत मिळवले, आणि मला साधी चिठ्ठीसुद्धा नाही.

वाररेषेचे खेळ याहून मोठेही आहेत. सामोआ देश २०११ साली रेषेच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे आला, कारण त्याचा व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आणि कामाचे वार जुळत नव्हते. तिथे २९ डिसेंबरचा गुरुवार संपला आणि थेट ३१ चा शनिवार उजाडला. एका अख्ख्या देशाचा शुक्रवार गेला. तिथल्या आपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला जायला अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, छोट्या विमानाने तासाभराच्या आत, आणि उतरायचं ते कालच्या दिवशी. माझा शुक्रवार दोनदा आला तो सामोआचा हरवलेलाच असावा.

न्यूयॉर्कचे दहा दिवस कसे गेले हे लिहिण्यासारखं नाही. आनंदात गेलेल्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही उरत नाही. पहिले तीन-चार दिवस मी रात्री दोनला टक्क जागी आणि दुपारी तीनला मेलेली. शरीरातलं घड्याळ दिवसाला फार तर तास-दीड तास सरकतं, बारा तास कुठून सरकणार? ताईही रात्री उठून माझ्याबरोबर बसायची. स्वयंपाकघरात काट्यांचं घड्याळ होतं. त्यात दोन वाजलेले, आणि माझं अंग म्हणत होतं, हो, दोनच, दुपारचे.

परत निघाले रविवारी रात्री. पोहोचले मंगळवारी, उजाडायच्या आत. सोमवार सगळा हवेत गेला. आयर्लंडच्या अलीकडे कुठेतरी उगवला, पडदे ओढलेले असतानाच सरला, आणि भारताच्या आसपास मावळला.

मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं जहाज जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांवर लागलं. त्यावरच्या पिगाफेत्ता नावाच्या प्रवाशाने तीन वर्षं एकही दिवस न चुकवता नोंदी ठेवल्या होत्या. त्याच्या वहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावरची माणसं म्हणत होती गुरुवार. त्याला वाटलं आपण कुठेतरी चुकलो. मग कळलं, चूक कुणाचीच नाही. पश्चिमेकडे जात पृथ्वीला फेरी मारली की घरी बसलेल्यांपेक्षा एक सूर्योदय कमी दिसतो. मी पूर्वेकडून फिरले, तेव्हा माझा एक जास्त. हे उतरण्याच्या रांगेत उभी असताना सुचलं, आणि बॅग यायच्या आधीच ताईला फोन लावला. विमानतळावरच्या घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिच्याकडेही तेवढीच, सोमवारची संध्याकाळ.

‘‘पोहोचलीस?’’

‘‘पोहोचले. सोमवार कुठे गेला कळलंच नाही.’’

‘‘जाताना बारा तास उचलले होतेस, येताना बारा परत केलेस. खातं जुळलं.’’

‘‘आणि सूर्योदय? तुझ्यापेक्षा एक जास्त पाहिला मी. मोजून.’’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. बोटांवर मोजत असणार. मग म्हणाली, ‘‘तास जुळतात. हा एक कुठून आला ते बघायला हवं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘अजून चार आठवडे आहेत हं घड्याळ मागे घ्यायला. तोवर जागी राहून फोन करत जा.’’

बॅग आली. बाहेर अजून अंधारच होता. सातला सव्वा तास अवकाश होता. मी टॅक्सीच्या रांगेत उभी राहिले.